हुंकारा आणि टोकणे

गेल्या उन्हाळ्यात आजी महिनाभर आमच्याकडे पुण्याला राहायला आली, तेव्हा तिच्याजवळच्या जुन्या गोष्टी एकदाच्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात असे मी ठरवले. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दुपारी दोननंतर बऱ्यापैकी शांतता असते. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फोन तिच्यासमोर उशीवर ठेवला आणि म्हटले, "आजी, सांग." आजीचे माहेर मुळशी खोऱ्यातले. ज्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, त्या धरणाच्या पाण्याखाली तिच्या आजोबांची खाचरे गेली. आजीचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला, म्हणजे ती जे गाव सांगते ते तिने स्वतः कधीच पाहिलेले नाही. तरीही नदीच्या वरच्या अंगापासून खालपर्यंत कोणती वाडी, कोणता डोह, कोणाचा आंबा, कोणत्या खाचरात आंबेमोहोर भात चांगला येत असे, हे ती ओळीने सांगते, आणि आम्ही सगळी नातवंडे ते ऐकतच मोठी झालो. त्या दुपारी मात्र ती दहा-बारा मिनिटांत "झालं" म्हणून थांबली. नंतर मुद्रण ऐकले, तर ते तलाठ्याने लिहून घेतलेल्या जबाबासारखे कोरडे वाटले.

आठवड्याने आत्या आली. चहा झाला, तांदूळ निवडायला घेतले, आणि कोणी न सांगता आजीचे तेच गाव पुन्हा सुरू झाले. आजी म्हणाली, "डव्हाच्या वरल्या अंगाला देऊळ." आत्याने ताटातून मान वर न करताच म्हटले, "न्हाई आई. देऊळ खालच्या अंगाला. वरल्या अंगाला खळं. तूच तर सांगायचीस." मग जे सुरू झाले ते दिवेलागणीपर्यंत चालले. देवळाची जागा ठरवायची म्हणून वाट आली, वाटेसाठी ओढा आला, ओढ्यासाठी एका बाईचे वाहून जाणे आले, आणि त्या बाईच्या निमित्ताने, पाणी चढू लागल्यावर कोणत्या घराने काय उचलून नेले याची सबंध यादी आली. गावांची आणि वाड्यांची नावे मी इथे मुद्दामच देत नाही, कारण त्यांच्या क्रमाचा वाद अजून मिटलेला नाही.

माझ्या दुपारच्या प्रयोगात काय चुकले होते हे मला तेव्हाच थोडेसे कळले. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. समोरचा "हं" म्हणत राहिला नाही, तर तो झोपला असे समजून सांगणारी म्हातारी माणसे गोष्ट तिथेच बांधून ठेवतात. माझा आवाज मुद्रणात येऊ नये म्हणून मी तोही दिला नव्हता. मात्र आत्याने जे केले ते नुसते हुंकारा देणे नव्हते, ते टोकणे होते. या दोहोंतला फरक मला नीट समजला तो पुण्यात नव्हे, तर मध्य ऑस्ट्रेलियातील वार्लपिरी या मूळ रहिवासी लोकांविषयी वाचताना.

त्या वाचनाची सुरुवात मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या मावसभावामुळे झाली. कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात २०१७ साली सात बहिणींच्या गीतवाटेवर, म्हणजे त्यांच्या प्रवासाची वाट क्रमाने सांगणाऱ्या गाण्यांवर, एक मोठे प्रदर्शन भरले होते. ते पाहून त्याने मला पानेच्या पाने फोटो पाठवले आणि खाली लिहिले, "या तर आपल्या कृत्तिका!" ते खरेच होते. आकाशातील तोच लहानसा पुंजका, सात बहिणी, आणि त्यांच्या मागे लागलेला एक पुरुष. आपल्याकडे कार्तिकेयाला पाजणाऱ्या कृत्तिका सहा, आणि सप्तर्षींच्या सात पत्नींपैकी अरुंधती तेवढी वेगळी राहिली. तिकडे बहिणी सात, पण साध्या डोळ्यांना बहुतेक वेळा चांदण्या सहाच दिसतात. एवढ्यावरून दोन्हीकडची कथा मुळात एकच होती असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. आपल्याकडे अशा घाईची आधीच चंगळ आहे. मला त्या प्रदर्शनातील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. ही कथा संपूर्णपणे कोणा एकाच्या मालकीची नाही. मार्तू, न्गान्यात्यारा आणि आनांगू अशा वेगवेगळ्या लोकांच्या प्रदेशांतून बहिणी पळत जातात, आणि प्रत्येक प्रदेशातील लोकांकडे वाटेचा फक्त आपापला तुकडा असतो. त्या तुकड्यात बहिणी कुठे थांबल्या, कोणत्या खडकाखाली पाणी सापडले, काय खणून खाल्ले, कुठे लपल्या, हे येते. वाळवंटात पाणवठ्यांचा क्रम चुकला तर माणूस जिवंत राहत नाही; म्हणून क्रम गाण्यात बांधला जातो, आणि गाणे जमिनीवरून चालत जाते. पुढचे पाणी हवे असेल तर शेजारच्या लोकांचे गाणे ऐकावे लागते. एकट्याला सबंध कथा येत नाही ही तिथे उणीव मानली जात नाही. मुळात रचनाच तशी आहे.

हे प्रदर्शन संग्रहालयाने आपण होऊन सुचवले नव्हते, हेही नोंदवण्यासारखे आहे. गीतवाटा तुटत चालल्या आहेत, त्या पुन्हा जोडायला मदत करा, असे आनांगू वडीलधाऱ्यांनीच जाऊन सांगितले होते.

या सगळ्याला इंग्रजीत जो 'ड्रीमिंग' हा शब्द रूढ झाला आहे, तो मला मराठीत आणवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य ऑस्ट्रेलियात स्पेन्सर आणि गिलन या दोघांनी अरान्डा लोकांच्या एका शब्दासाठी तो वापरला आणि पुढे तोच सगळ्यांना चिकटला. वार्लपिरी 'जुकुर्पा' म्हणतात, आनांगू 'चुकुर्पा' म्हणतात. त्यात पूर्वजांनी जमीन कशी घडवली हे येते, कोणी कोणाशी लग्न करावे हे येते, कोणते जनावर कोणी मारू नये हे येते, आणि हे सगळे होऊन गेलेले नसून चालू आहे हेही येते. स्वप्न म्हटले की आपल्या मनात सकाळी विरून जाणारे काहीतरी येते. मला वाटते, आपल्या आज्या ज्या अर्थाने "आपल्यात तशी रीत न्हाई" असे म्हणतात, तो 'रीत' हा साधा शब्द त्याच्या जास्त जवळ जातो, फक्त त्यात डोंगर आणि झरेही धरावे लागतात.

आता टोकण्याविषयी. वार्लपिरी समाजात एखाद्या प्रदेशाशी आणि त्याच्या गाण्यांशी माणसाचे नाते दोन बाजूंनी लागते. जो प्रदेश वडिलांकडून येतो त्याचे तुम्ही 'किर्दा', म्हणजे धनी. जो आईच्या माहेरचा, त्याचे तुम्ही 'कुर्दुंगुर्लु'. इंग्रजीत याला व्यवस्थापक म्हणतात, पण तो शब्द फार कचेरीचा झाला; आपण राखणदार म्हणू. विधीच्या वेळी धनी नाचतात आणि गातात. त्यांच्या अंगावर खुणा रंगवण्याचे, जागा तयार करण्याचे आणि सगळे बरोबर चालले आहे की नाही हे पाहण्याचे काम भाच्यांच्या बाजूचे. धनी चुकला तर कुर्दुंगुर्लुने सांगायचे, आणि ते सांगणे आगाऊपणा नसून कर्तव्य आहे. शिवाय एकच माणूस एका प्रदेशाचा धनी आणि दुसऱ्याचा राखणदार असतो, त्यामुळे आज जो टोकतो तो उद्या टोकून घेतो. मराठी माणसाला हे समजावून सांगताना मानववंशशास्त्राची परिभाषा लागतच नाही, कारण आपल्याकडे मामा आणि भाचा हे शब्द तयार आहेत. मामाने आपल्या गावची गोष्ट सांगावी आणि ती बरोबर आहे की नाही हे भाच्याने तपासावे, एवढाच तो नियम आहे. आणि हे लिहिताना माझ्या लक्षात आले की त्या संध्याकाळी आत्या नेमकी त्याच जागी बसली होती. आजी माहेरच्या गावाची लेक, म्हणून धनी. आत्या त्या धनिणीची मुलगी, म्हणून टोकणारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी ऐकलेले तिने जपून ठेवले होते ते याच कामासाठी, जरी हे काम आहे असे तिला कोणीच सांगितले नव्हते.

सांगण्याची पद्धतही एकट्याने पुस्तक वाचून दाखवण्यासारखी नसते. वार्लपिरी बायका मातीत बसून गोष्ट सांगतात तेव्हा तळहाताने वाळू सारखी करतात, बोटाने खुणा काढत बोलतात आणि अधूनमधून गातात. मांडी घालून बसलेल्या माणसाचा मातीत जसा ठसा उमटतो तशी एक अर्धगोल खूण म्हणजे माणूस. दोन अर्धगोल समोरासमोर आले की संवाद सुरू झाला. प्रसंग संपला की वाळू पुसायची आणि पुढचा प्रसंग काढायचा. काहीच शिल्लक ठेवायचे नाही. जे शिल्लक राहायचे ते भोवती बसलेल्यांच्या मनात राहील, आणि पुढच्या वेळी सांगणारीने एखादी खूण गाळली तर त्यांच्यापैकी कोणीतरी बोट पुढे करील.

ही व्यवस्था किती टिकाऊ असू शकते याबद्दलचा एक दावा मी प्रथम वाचला तेव्हा मला तो अतिशयोक्त वाटला. पॅट्रिक नन हे भूगोलतज्ज्ञ आणि निकोलस रीड हे भाषाशास्त्रज्ञ या दोघांनी २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील २१ ठिकाणांच्या कथा एकत्र केल्या. प्रत्येक कथेत पूर्वी जिथे जमीन होती तिथे समुद्र आल्याचे वर्णन होते. हिमयुग ओसरल्यावर समुद्राची पातळी चढत गेली आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी ती जवळपास आजच्या जागी येऊन थांबली. म्हणजे या कथा प्रत्यक्ष स्मृती असतील, तर त्या किमान तेवढ्या जुन्या असल्या पाहिजेत. मेलबर्न ज्या पोर्ट फिलिप उपसागराच्या काठी वसले आहे तो उपसागर म्हणजे पूर्वी शिकारीचे मैदान होते, असे तिथले मूळ लोक सांगत आले. दक्षिण किनाऱ्यावरील न्गारिन्जेरी लोकांच्या कथेत न्गुरुन्देरी हा पूर्वज पळून गेलेल्या आपल्या बायकांचा पाठलाग करतो. त्या कांगारू बेटाकडे चालत निघालेल्या असतात, तो समुद्राला उठायला सांगतो, आणि बुडालेल्या बायकांचे खडक होतात. ते खडक आजही तिथे आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही पाण्याखालची जमीन पाहून अशी कथा सुचू शकेल, हा आक्षेप घेता येतो आणि तो क्षुल्लक नाही. तरी एकवीस ठिकाणी एकाच दिशेचे वर्णन यावे आणि कुठेही समुद्र मागे हटल्याची कथा नसावी, याला नुसता योगायोग म्हणणे मला अवघड जाते. इतक्या पिढ्या ही साखळी कशी टिकली याचे उत्तर देताना त्या दोघांनीही नात्यांतून होणाऱ्या याच उलटतपासणीकडे बोट दाखवले आहे. हे वाचताना माझ्या मनात आजीचे गाव होते. आमची साखळी जेमतेम शंभर वर्षांची आणि तीन पिढ्यांची. देवळाने एवढ्यातच जागा बदलायला सुरुवात केली आहे.

गोष्ट आणि जमीन यांचा हा संबंध न्यायालयातही मांडावा लागला. ग्रेट सँडी वाळवंटातील लोकांनी जमिनीवर हक्क सांगितला तेव्हा आपले म्हणणे इंग्रजीत आणि कागदावर पोचत नाही हे पाहून, १९९७ साली पिर्निनी येथे सुमारे चाळीस जणांनी मिळून आठ मीटर बाय दहा मीटरचे एक कापड रंगवले. हे न्गुरारा चित्र जमिनीवर पसरले गेले, आणि दावा करणारा प्रत्येक जण त्यातील आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला आणि आपल्या भाषेत त्याने आपल्या जागेची हकिगत सांगितली. सात-बारा नावाची वस्तू ज्यांनी जन्मभर पाहिली आहे त्यांना यातील धैर्य कळेल. तो हक्क मान्य व्हायला २००७ साल उजाडले.

हे सगळे अखंड आहे असा समज मात्र करून देता कामा नये. साधारण १९१० ते १९७० या काळात मूळ रहिवाशांच्या हजारो मुलांना त्यांच्या आयांपासून तोडून वसतिगृहांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवले गेले, ज्याची अधिकृत चौकशी होऊन अहवाल १९९७ साली आला आणि ज्याबद्दल पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. मुलेच नसतील तर भाचे कोठून येणार? ॲडलेडच्या परिसरातील कौर्ना भाषेच्या वाट्याला हेच आले. ती सहज बोलणारी शेवटची मानली जाणारी इवारित्जी १९२९ साली वारली. उरले ते जर्मन मिशनऱ्यांनी १८४० साली छापलेले व्याकरण आणि शब्दसंग्रह. १९९० नंतर कौर्ना वंशाच्या लोकांनी त्या पुस्तकातून भाषा पुन्हा उभी केली, टेलिफोनसारख्या गोष्टींसाठी नवे शब्द घडवले, आणि आज तिथे स्वागताची भाषणे कौर्नामध्ये होतात. मला या प्रयत्नाविषयी अतिशय आदर आहे. तरी पुस्तक टोकत नाही, ही त्यातील अडचण आहेच. शब्दाचा उच्चार बरोबर झाला की नाही हे सांगणारी मावशी पुस्तकात नसते.

नूतनीकरण म्हणजे काय, हे मला लाजामानू या वार्लपिरी वस्तीतील मिल्पिरी या सोहळ्यामुळे अधिक स्पष्ट झाले. वांटा जाम्पिजिन्पा पॅट्रिक यांच्या पुढाकाराने आणि डार्विन शहरातील ट्रॅक्स नृत्यसंस्थेच्या सहकार्याने तो २००५ साली सुरू झाला. जमिनीवरून तापलेली हवा वर चढते, वरून गार हवा खाली येते आणि त्यांच्या भेटीतून ढग तयार होतो. मिल्पिरी या शब्दामागे ही कल्पना आहे. आपल्याकडच्या वळवाचा ढग डोळ्यांसमोर आणावा. या सोहळ्यात वडीलधारी माणसे जुनी गाणी गातात आणि नाचतात, आणि त्याच अंगणात, त्याच रात्री, त्याच विषयावर शाळेतील मुले हिपहॉप नाचतात. मुलांनी आधी आजोबांकडून गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर नाच बसवताच येत नाही. आमच्या गणेशोत्सवात लेझीमच्या शेजारी काय काय वाजते हे मला माहीत आहे, आणि त्यामुळे प्रथम माझी भुवई उंचावली होती. फरक असा की तिथे नव्या नाचालाही टोकणारे समोर बसलेले असतात. उत्तरेकडील आर्नहेम लँडच्या पठारावर २००६ पासून जो मोठा वणवा-नियंत्रण प्रकल्प चालू आहे, त्यातही हेच दिसते: कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, गवतात ओल असताना, छोट्या आगी लावून पुढचे मोठे वणवे टाळायचे, हे ज्ञान म्हाताऱ्यांनी तरुणांना त्या जमिनीवरून चालवत दिले आणि तरुण आज तेच काम हेलिकॉप्टरमधूनही करतात.

आता माझ्या एका चुकीविषयी. आत्या आणि आजीचा तो संध्याकाळचा संवाद मी चोरून मुद्रित केला होता. त्यात आजीने जात्यावरच्या काही ओव्या म्हटल्या, ज्यात एका सासूविषयी फार मोकळेपणाने बोललेले आहे. मी तो भाग उत्साहाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. दोन दिवसांनी आजी माझ्याशी बोलेनाशी झाली. "बापय माणसांपुढं म्हनायच्या नस्त्यात त्या," एवढेच ती शेवटी म्हणाली. तोवर त्या ओव्या तिच्या तिन्ही जावयांनी ऐकलेल्या होत्या.

ऑस्ट्रेलियात या प्रश्नाचा विचार पुष्कळ पुढे गेला आहे. बायकांच्या गोष्टी बायकांच्या, पुरुषांच्या पुरुषांच्या, आणि काही ठरावीक नात्यातील माणसांच्याच, ही तिथली शिस्त कडक आहे. कोणी वारले की काही काळ त्याचे नाव उच्चारत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. टेनंट क्रीक येथील वारुमुंगू लोकांनी संशोधकांबरोबर मिळून मुकुर्तू नावाचा एक डिजिटल संग्रह घडवला, त्यात हे सगळे नियम बसवलेले आहेत. तुम्ही कोण, कोणाचे, स्त्री की पुरुष, यावर काय दिसेल ते ठरते. मुकुर्तू म्हणजे मौल्यवान वस्तू सांभाळून ठेवण्याची विणलेली पिशवी. माहिती सर्वांना खुली असणे हे नेहमीच पुण्यकर्म आहे असे मानणाऱ्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ग्रामीण महाराष्ट्रातील बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या कामाची सुरुवात ज्या भागात झाली त्यात मुळशीही होते. त्या मोठ्या कामापुढे माझा फोन म्हणजे काहीच नाही. पण पिठाची गिरणी आल्यावर दोन बायका समोरासमोर बसायच्या थांबल्या. एकीने ओढली की दुसरीने ओढायची, एकीने ओवी टाकली की दुसरीने उचलायची, ती जागाच मोडली. ओव्या उरल्या, त्यांना उत्तर देणारी उरली नाही.

आजीने मला यंदाच्या श्रावणात माफ केले. तिच्या माहेरची टोकणारी मी नाही, हे आता मी मनाशी धरले आहे. ते काम आत्याचे. वार्लपिरी हिशोबाने माझे काम माझ्या मामाकडे आहे. म्हणून दिवाळीत जुन्नर तालुक्यात मामाकडे गेले, तेव्हा फोन पिशवीतच ठेवला. मामाने १९७२ च्या दुष्काळात विहीर कशी खणली ते सांगायला घेतले. मी हुंकारा देत राहिले. पाणी पूर्वेच्या अंगाने लागले असे तो म्हणाला, तेव्हा मी म्हटले, "मामा, गेल्या वेळी तू दक्षिणेच्या अंगाने म्हणाला होतास."

"तुला काय ठावं? तवा तू जल्मली पन न्हवतीस," मामा म्हणाला. मग थोडा वेळ गप्प बसला, आणि त्याने पुण्याला माझ्या आईला फोन लावला. "अक्का, हिरीला पानी कुठल्या अंगानं लागलं? तुझी लेक दक्षिन म्हनती."

आई म्हणाली, "तू आधी कुठनं सुरुवात केलीस ते सांग. फोन मोठा कर, आनि पहिल्यापासनं सांग."